यादीत नसलेलं लक्षण

ज्या सोमवारी साहेबांच्या डोक्यात ताणकाटा पडला, त्या सोमवारी सिलिंडरचं वजन अगदी बरोबर होतं. साहेबांना खरा राग आला तो त्याचाच.

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक. सगळी हयात दुसऱ्यांचे काटे तपासण्यात गेल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट थोडी कमीच भरते असं त्यांचं ठाम मत झालं होतं, आणि हे मत ते घरात, जिन्यात, दुकानात, मयताच्या घरीसुद्धा खणखणीत आवाजात मांडत. इमारतीत त्यांना पाठीमागे ‘तराजू’ म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. आणि वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, गेली एकतीस वर्षं एकच काम करत आल्या होत्या. साहेब तावातावाने पुढे निघून गेले की मागे थांबून सांगायचं, "मनावर घेऊ नका, मनाने वाईट नाहीत." या कामाला रजा नव्हती.

त्या दिवशी गॅसवाला सिलिंडर घेऊन आला तेव्हा साहेबांनी छतातल्या जुन्या कडीला ताणकाटा अडकवून ठेवलाच होता. गॅसवाल्याने निमूटपणे सिलिंडर काट्याला लटकवला. वजन बरोबर भरलं. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी बरोबर. गॅसवाला हसून निघून गेला, आणि तो हसला म्हणजे यात काहीतरी नक्की आहे, या विचाराने साहेब एकटेच काट्याखाली वाकून तिसऱ्यांदा बघायला गेले. कडीने इतका वेळ कळ काढली होती. ती गिलाव्याच्या पोपड्यासकट खाली आली. सिलिंडर दणकन जमिनीवर, काटा साहेबांच्या कपाळावर आणि साहेबांचं डोकं मागच्या चौकटीवर.

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत धावल्या. त्या पोचल्या तेव्हा साहेब भिंतीला टेकून बसलेले होते आणि भुवईवरून रक्त ओघळत होतं.

"पडलात?" वहिनी म्हणाल्या.

"बसलोय," साहेब गरजले. "माणसाने स्वतःच्या घरात बसायचं नाही का?"

आवाज तीन मजले ऐकू गेला, त्यामुळे तीन मजले दारात गोळा झाले. खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरकाकांनी आल्या आल्या ताबा घेतला. हे काका चाळीस वर्षं एका डॉक्टरांकडे पुड्या बांधत होते, आणि डॉक्टर वारल्यापासून त्यांची प्रॅक्टिस जास्तच वाढली होती.

"झोपू द्यायचं नाही," काका म्हणाले. "आमच्या डॉक्टरांनी असाच एकाला तीन दिवस जागा ठेवला होता."

"मग?" वहिनींनी विचारलं.

"मग काय, जागरणाने आजारी पडला."

समोरची म्हणाली, साखर दाबा. वरची म्हणाली, साखर नको, बर्फ लावा. कोणी म्हणालं पाणी पाजा, कोणी म्हणालं पाण्याचा थेंब देऊ नका. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले की छतातली कडी ही सामाईक मालमत्ता आहे की खाजगी, हे एकदा बघावं लागेल. साहेबांनी बसल्या जागेवरून प्रत्येकाला त्याच्या त्याच्या लायकीचं उत्तर दिलं. वहिनींनी एकीकडे कपाळावर स्वच्छ फडका दाबून धरला आणि दुसरीकडे पाचजणांची माफी मागितली. मग कोणाचं काही न ऐकता रिक्षा बोलावली.

अपघात विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. रात्रपाळी संपून दिवसपाळी लागली होती, पण चेहऱ्याला ते अजून कळलं नव्हतं. साहेब तपासायच्या टेबलाकडे जाण्याआधी कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर उभे राहिले.

"हा दीड किलो जास्त दाखवतो," ते म्हणाले. "या वजनावर तुम्ही औषधं देता?"

"काका, इथे बसा. आज वार कोणता?"

"भिंतीवर कॅलेंडर आहे ना तुमच्या?"

"तुम्ही सांगा."

"सोमवार. तारीखही सांगतो, आणि तुमच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान अजून फाडलेलं नाही तेही सांगतो."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं, हात दाबायला लावले, पाय उचलायला लावले, मान चाचपली. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेता का, दारू घेतली होती का, उलटी झाली का, सगळं विचारलं. दारूच्या प्रश्नावर साहेब जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

"थोडा वेळ तरी शुद्ध हरपली होती?"

"मी बसलो होतो," साहेब म्हणाले.

डॉक्टरीणबाई वहिनींकडे वळल्या. "हे नेहमी असेच असतात?"

"अगदी असेच," वहिनी म्हणाल्या. हे म्हणताना त्यांना लाजही वाटली आणि हायसंही वाटलं.

शुद्धीच्या तपासणीत साहेबांना पंधरापैकी पंधरा गुण मिळाले. भुवईवर तीन टाके पडले आणि हातात एक छापील कागद आला. चोवीस तास कोणीतरी सोबत असू द्या, गाडी चालवू नका, आणि पुढीलपैकी काही झालं तर ताबडतोब परत या: उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, हातापायात अशक्तपणा, बोलण्यात गोंधळ, नाकाकानातून पाणी, चिडचिड वाढणे. शेवटचा शब्द वाचून वहिनींना रिक्षात हसू आलं. वाढणे म्हणजे कशाच्या वर, हे कागदाने सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "छान झालाय."

वहिनींच्या हातातली बशी पडता पडता राहिली. एकतीस वर्षांत चहा पाणचट झाला होता, अति झाला होता, गार झाला होता, एकदा तर ‘चहाची बदनामी’ झाला होता. छान कधीच झाला नव्हता. खरं सांगायचं तर पहिला तासभर वहिनींना फार बरं वाटलं. साहेबांनी पेपर शांतपणे वाचला. वरच्या मजल्यावर फर्निचर सरकलं तरी छताकडे बघून मूठ उगारली नाही. थोडं डोकं जड आहे म्हणाले, आणि खिडकीशी बसून राहिले. देव पावला, असं वहिनींच्या मनात येऊन गेलं, आणि आयुष्यभर त्यांना त्या तासाची शरम वाटणार होती.

मग फळवाला आला. साहेबांच्या दारात येताना हा माणूस एरवी काट्याला हातही लावत नसे, साहेबच मोजून घेत. आज त्याने स्वतः मोजलं. पारडं उघड उघड बोटभर वर होतं. वहिनींना दिसलं, म्हणजे साहेबांना दिसलंच असणार.

"कमी आहे हो," वहिनी हळूच म्हणाल्या.

"असू दे," साहेब म्हणाले. "त्यालाही पोटपाणी आहे."

फळवाल्याने घाबरून एक फळ जास्त टाकलं आणि पायऱ्या उतरून पळाला. वहिनी दारात उभ्याच राहिल्या. साहेब म्हणजे स्वतःच्या सासऱ्याच्या दुकानातला काटा जप्त करून आलेला माणूस.

बातमी जिन्यातून पसरायला वेळ लागला नाही. अकराच्या सुमारास सेक्रेटरी हजर. गच्चीच्या दाराशी स्वतःसाठी एक खोली काढायची त्यांची सहा वर्षांची इच्छा होती, आणि सहा वर्षं साहेब त्या खोलीच्या आड उभे होते. आज त्यांनी ना हरकत पत्र पुढे केलं आणि साहेबांनी न वाचता सही केली. वर सेक्रेटरींना म्हणाले, "खोलीला खिडकी ठेवा हं. हवा पाहिजे."

"वहिनी," सेक्रेटरी जिन्यात कुजबुजले, "असा एखादा काटा आधीच पडायला हवा होता."

वहिनींनी तो छापील कागद काढला. चिडचिड वाढणे असं होतं. कमी होण्याचा उल्लेख नव्हता. त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

"चिडचिड वाढलीय का?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"नाही, थांबलीय."

"मग चांगलंय की."

"चांगलं नाही हो. आमच्याकडे ते चांगलं नाही."

पलीकडे फोन ठेवला गेला. कंपाउंडरकाका म्हणाले, डोक्याला दणका बसला की रक्त मोकळं होतं आणि स्वभाव सुधारतो, आमच्या डॉक्टरांनी पाहिलेलं आहे. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा काकांना म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा." आणि रिक्षा बोलावली.

केसपेपरच्या खिडकीवर एक गृहस्थ संगणकाशी भांडत बसले होते.

"तक्रार काय?"

"काल डोक्याला लागलंय. आज हे चांगलं वागतायत."

गृहस्थांनी मान वर केली. "बाई, यात खोकला आहे, ताप आहे, पोटदुखी आहे. चांगलं वागतायत असं काही नाही. मी काय निवडू?"

"डोक्याला मार निवडा."

"तो काल निवडलाय. एकाच तक्रारीला दुसरा नंबर निघत नाही. कालचा कागद आणलाय?"

आणला होता. पण त्यावर शिक्का नव्हता. शिक्का दुसऱ्या खिडकीवर मिळत होता आणि दुसरी खिडकी जेवायला गेली होती. वहिनींना वाटलं, आता साहेब बोलतील. अशाच प्रसंगासाठी तर देवाने त्यांना घडवलं होतं. एरवी त्यांनी या खिडकीचा नियम, त्या नियमाचा क्रमांक आणि वरच्या साहेबाचं नाव विचारून शिक्का, शाई आणि माणूस तिन्ही पाच मिनिटांत हजर केले असते. साहेब बाकावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत मंद हसत होते.

शिक्का मिळाला, नंबर मिळाला: सतरा. सतरा पुकारला गेला तेव्हा वहिनी पाणी आणायला गेल्या होत्या. परत येतात तो साहेबांनी नंबर घोटा मुरगळलेल्या एका माणसाला देऊन टाकला होता. नवा मिळाला तो चोवीस. तो त्यांनी एका आजीबाईंना दिला. एकतीसवर वहिनी मुठीत कागद धरून बसल्या, तर साहेब उठून एका बाईंना स्वतःची जागा देऊ लागले आणि उठताना त्यांचा तोल गेला.

"कोणाला घाई असेल तर जाऊ दे गं," ते म्हणाले. "आपलं काय."

आता मात्र वहिनींच्या डोक्यात सणक गेली. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या रागाची माफी मागता मागता स्वतःचा राग त्यांनी कुठे ठेवला होता कोणास ठाऊक, पण तो नासला नव्हता, चांगला मुरला होता. त्यांनी साहेबांचा दंड धरला, रांग, शिपाई आणि ‘आत जाऊ नये’ अशी पाटी ओलांडली आणि पडदा बाजूला सारला.

आत कालच्याच डॉक्टरीणबाई.

"अरे वा, काका. आज कसं वाटतंय?"

"उत्तम. टाके फार सुरेख घातलेत तुम्ही."

डॉक्टरीणबाई प्रसन्न झाल्या. गेल्या चार महिन्यांत त्यांना कोणी असं म्हटलं नसावं. "छान. वार कोणता?"

"मंगळवार."

"बघा, सगळं व्यवस्थित आहे," त्या वहिनींना म्हणाल्या.

"काल तुम्ही मला विचारलंत, हे नेहमी असेच असतात का," वहिनी म्हणाल्या. आवाज पडद्याबाहेर गेला. "आज का नाही विचारत? काल अंगावर ओरडत होते तर शंका आली, आज गोड बोलतायत तर आली नाही. तुमच्या कागदावर वाढणे लिहिलंय. कमी झालं तर बायकोने काय करायचं, पेढे वाटायचे? हा माणूस वजनात तीळभर फरक सोडत नाही. आज बोटभर सोडला. डोक्यात काहीतरी बिघडलंय, आणि तुम्ही तपासल्याशिवाय मी इथून हलणार नाही. शिपायाला बोलवा नाहीतर पोलिसांना बोलवा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या चिडल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "उलटी झाली?" त्यांनी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"झाली," साहेब म्हणाले. "सकाळपासून दोनदा. हिला उगाच काळजी नको म्हणून नळ सोडून ठेवला होता."

सकाळी नळ इतका वेळ का वाहत होता, ते वहिनींना आता कळलं.

"काका, काल पडलात तेव्हाचं नीट आठवतंय?"

"खरं सांगू का, नाही. काट्याखाली वाकलो इथपर्यंत आठवतं. मग एकदम ही समोर."

"काल तर म्हणालात, बसलो होतो."

"म्हणालो खरा. पडलो म्हणायला बरं वाटेना."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरायला लावले, तळवे वर. उजवा हात जागेवर राहिला. डावा हळूहळू खाली उतरत आतल्या बाजूला वळला. साहेबांना त्याचा पत्ताही नव्हता, ते मिटल्या डोळ्यांनी हसत होते. पुढच्या दहा मिनिटांत कोणी शिक्का मागितला नाही, कोणी नंबर विचारला नाही.

स्कॅनमध्ये कवटीच्या आतून उजव्या बाजूला रक्ताचा पातळ थर निघाला. मोठे सर्जन आले. "वेळेवर आणलंत," म्हणाले. "आता लगेच ऑपरेशन नाही. दर तासाला तपासू, सकाळी पुन्हा स्कॅन. गुंगी वाढली, वागण्यात आणखी फरक पडला तर उघडावं लागेल. छोटी गोष्टही सिस्टरना सांगा. तुम्हीच ओळखलंत, तेव्हा तुम्हीच लक्ष ठेवा."

"आणि स्वभाव?" वहिनींनी विचारलं. "परत येईल?"

"बहुधा," सर्जन म्हणाले. वहिनींना तो शब्द मुळीच आवडला नाही.

भेटीच्या वेळी सेक्रेटरी आले. फळं आणली होती आणि खिशात ना हरकत पत्राचं दुसरं पान आणलं होतं. त्यावर सही राहिली होती.

"वहिनी, वाईट मानू नका," ते म्हणाले. "पण अख्खी इमारत म्हणतेय, असेच राहिले तर तुमचंच भलं आहे. तुम्ही काय कमी सोसलंय?"

वहिनी उठल्या. "पहिलं पान कुठंय?"

"आहे की, बरोबरच आहे."

वहिनींनी दोन्ही पानं घेतली, एकावर एक ठेवली आणि चार तुकडे केले. "डोक्यात रक्त साचलेल्या माणसाकडून सही घेता, आणि माझं भलं मला सांगता? मला माझा माणूस हवाय. ओरडणारा. तुम्हाला नको होता ते मला माहीत आहे, तुम्हा कोणालाच नको होता. निघा. फळं घेऊन निघा, आणि घरी जाऊन मोजून बघा, कमी भरतील."

सेक्रेटरी गेले. वहिनी स्टुलावर बसल्या. साहेब सगळं ऐकत होते. त्यांनी उजवा हात पुढे करून वहिनींच्या मनगटावर ठेवला.

"मी तुला फार बोललो गं," ते म्हणाले. "इतकी वर्षं. चारचौघांतसुद्धा. चुकलंच माझं. मला माफ कर."

या वाक्याची वहिनी किती वर्षं वाट बघत होत्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना त्यांनी त्याचं उत्तरसुद्धा तयार करून ठेवलं होतं. त्या उत्तराचे तीन प्रकार होते, एक कडक, एक रडवेला आणि एक नुसतंच तोंड फिरवण्याचा. आता वाक्य समोर आलं होतं आणि ते कोण बोलतंय, नवरा की तो रक्ताचा थर, हे सांगायला कोणी नव्हतं. वहिनींना असा काही संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. कोणाचा संताप, तेही कळेना. त्यांनी घंटेचं बटण दाबलं.

"काय झालं?" सिस्टर धावत आल्या.

"हे माफी मागतायत," वहिनी म्हणाल्या.

सिस्टर हसल्या नाहीत. टॉर्च मारून डोळे पाहिले, हात दाबायला लावले, वार विचारला, आणि फाइलमध्ये लिहिलं. मग डॉक्टरांना फोन केला.

बुधवारी सकाळी रक्ताचा थर वाढला नव्हता. गुरुवारी उलट्या थांबल्या, हात सरळ राहू लागला. शुक्रवारी दुपारी साहेबांनी सूप चाखून बाजूला ठेवलं आणि विचारलं की हे रुग्णाला प्यायला दिलंय की भांडं विसळलेलं पाणी इथे विसरलंय. वहिनी संडासात जाऊन दार लावून रडल्या आणि तोंड धुऊन बाहेर आल्या.

शनिवारी घरी सोडायचं ठरलं. काउंटरवरच्या कारकुनाने फाइल पुढे सरकवली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाला, इथे सही करा. साहेबांनी आयुष्यात कधी शेवटच्या पानावरून सुरुवात केलेली नव्हती. चष्मा पुसून त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मागे रांग वाढत गेली. नवव्या पानावर ते थांबले आणि त्यांचे कान लाल झाले.

"हे काय आहे?" ते गरजले. "‘मंगळवार, संध्याकाळी पाच दहा. रुग्ण पत्नीची माफी मागत आहे. पत्नीच्या म्हणण्यानुसार हे रुग्णाचे नेहमीचे वर्तन नाही. डॉक्टरांना कळवले.’ सरकारी कागदावर हे कोणी लिहिलं? खोडा हे."

"खोडायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

"अगं, लोक वाचतील."

"वाचू देत. एकतीस वर्षांत तेवढीच एक नोंद आहे, आणि तीसुद्धा आजार म्हणून झालीय. शुद्धीवर असताना मागितली असतीत तर मला घंटा वाजवावी लागली नसती." त्यांनी फाइल पुन्हा साहेबांपुढे सरकवली. "आता शुद्धीवर आहात ना? वार कळतो, तारीख कळते, सूप पाणचट लागतं. मग वाचा ते पुन्हा. खोटं असेल तर तुमच्या हाताने खोडा. मी काही म्हणणार नाही."

साहेबांनी ते चार ओळींचं लिखाण पुन्हा वाचलं, मग तिसऱ्यांदा वाचलं. खिशातून स्वतःचं पेन काढलं. वहिनींनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

साहेबांनी नोंदीखाली एक सरळ रेघ ओढली, रेघेखाली ‘पडताळणी केली, बरोबर आहे’ असं लिहिलं, आणि खाली सही करून त्या दिवसाची तारीख घातली.

"अहो काका," कारकून म्हणाला, "तिथे नाही करायची सही."

"सही कुठे करायची," साहेब कडाडले, "ते मला तू शिकवू नकोस."